गवई की गुरू? : अण्णासाहेब रातंजनकरांचे लखनौ

१

संगीताच्या बैठकीत रातंजनकरांचे नाव निघाले की एक वाक्य हमखास ऐकू येते. ‘विद्वान माणूस, शिक्षक तर असा पुन्हा होणे नाही. पण गाणे म्हणाल तर...’ येथे बोलणारा थांबतो, पानाचा डबा पुढे ओढतो आणि विषय बदलतो. वाक्य अर्धवट राहते, परंतु निकाल पुरा लागलेला असतो. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे थोर अध्यापक होते, मोठे शास्त्रज्ञ होते, पण गवई म्हणून दुय्यम होते, असा तो निकाल आहे. त्यांच्या मृत्यूला आज अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटला, तरी त्यावर कोणी अपील केल्याचे दिसत नाही. त्यांच्यावर प्रेम करणारी माणसेसुद्धा या निकालाचा पहिला भाग मोठ्याने वाचतात आणि दुसरा हळूच गाळतात. त्यामुळे त्यांचा गौरव पुष्कळ होतो; मूल्यमापन होत नाही.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, हा निकाल ज्या कलमाखाली दिला गेला ते कलमच या प्रकरणाला लागू पडत नाही. गवयाची योग्यता त्याच्या गळ्याच्या गोडीवर आणि मैफिलीतल्या टाळ्यांवर मोजावयाची, हे माप पुष्कळांना लागू पडते. रातंजनकरांना लागू पडत नाही. त्यांनी केलेले काम कोणत्या जातीचे होते हे आधी ठरविले पाहिजे. ते चांगले की वाईट हे त्यानंतर. आपल्या वाचकांपुढे हा विषय ठेवण्याचे आणखीही एक कारण आहे. मुंबईचा हा मनुष्य विशीतच लखनौस आला आणि सुमारे तीन दशके तेथे राहिला. नोकरीच्या निमित्ताने परमुलखात घर मांडणाऱ्या माणसाने त्या मुलखाला काय द्यावे, आणि देता देता आपले काय राखावे, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी पडतोच.

२

प्रथम आवाजाचा प्रश्न घेऊ, कारण सगळा वाद तेथूनच सुरू होतो.

पाश्चात्त्यांच्या ऑपेरात माणसाचा आवाज हीच त्याची नेमणूक असते. उंच आवाजाचा टेनर हा बहुधा नायक. अगदी खालचा बास हा राजा, पुरोहित किंवा सैतान. आणि या दोहोंच्या मधला जो भरदार पुरुषी आवाज, त्याला ते बॅरिटोन म्हणतात. त्याच्या वाट्याला बाप, भाऊ, मित्र, प्रतिस्पर्धी अशा भूमिका येतात. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये चार्ल्स सँटले नावाचा एक विख्यात बॅरिटोन होऊन गेला. १८३४ साली लिव्हरपूल येथे त्याचा जन्म झाला. शिक्षणासाठी तो इटलीत मिलानला गेला. आणि परत येऊन लंडनच्या रंगभूमीवर त्याने मोठे नाव मिळविले. गुनो या फ्रेंच संगीतकाराच्या ‘फाउस्ट’ या ऑपेरात व्हॅलेंटाइन नावाचा सैनिक आहे. ती भूमिका सँटलेकडे आली तेव्हा १८६४ सालच्या इंग्रजी प्रयोगासाठी गुनोने खास त्याच्याकरिता एक नवे गीत रचून घातले, आणि पुढे ते त्या ऑपेराचा कायमचा भाग होऊन बसले. १९०७ साली सँटलेला ‘सर’ ही पदवी मिळाली. १९२२ साली तो वारला. म्हणजे तेथे आवाज एकाचा, रचना दुसऱ्याची. रचनाकार आवाजाकडे पाहून लिहितो, आणि गायक ते लिहिलेले जिवंत करतो. अशा व्यवस्थेत गायकाचे मूल्य त्याच्या आवाजावर ठरणे स्वाभाविक आहे.

आपल्याकडे ही वाटणी नाही. आपला गवई आपला षड्ज स्वतः निवडतो, त्याच षड्जावर नायकही गातो आणि नायिकेचे विरहगीतही गातो. उंच गळ्याचे अब्दुल करीम खाँ आणि खर्जाकडे झुकणाऱ्या घनगंभीर गळ्याचे फैयाज खाँ एकाच काळात एकाच रसिकवर्गाने डोक्यावर घेतले. पण कोणाला नायकाची आणि कोणाला बापाची भूमिका द्यावी असा प्रश्न कोणाच्या मनात आला नाही. याचे कारण उघड आहे. आपल्या गाण्यात चीज ही चार ओळींची असते आणि तिच्याभोवती उभारलेली सारी इमारत गवई तेथल्या तेथे रचीत असतो. तो गायकही असतो आणि अर्धा रचनाकारही असतो. म्हणून आपल्या परंपरेत आवाज हे साधन आहे, आणि साधनाच्या प्रतीवरून कारागिराची परीक्षा पुरी होत नाही.

रातंजनकरांचा आवाज भुरळ घालणारा नव्हता, हे मान्यच केले पाहिजे. नभोवाणीसाठी झालेली त्यांची ध्वनिमुद्रणे ऐकताना प्रथम कानावर येतो तो काहीसा कोरडा, मितभाषी वाटणारा स्वर. तो श्रोत्याला आपल्याकडे ओढून घेत नाही. परंतु पाच-दहा मिनिटे धीर धरला की दुसरेच काही घडू लागते. राग अवयवशः उभा राहतो. कोणत्या स्वरावर थांबावयाचे, कोणता नुसता स्पर्शून सोडावयाचा, दोन जवळच्या रागांमधली सीमा कोठे आहे, हे सारे स्वच्छ दिसू लागते. नोम्‌तोम्‌ची आलापी आणि चिजेच्या बोलांशी लयीत चालणारा खेळ ही आग्रा घराण्याची लक्षणे त्या गाण्यात जागोजाग आहेत. गुरूच्या गळ्यातली झळाळी तेवढी तेथे नाही. परंतु गुरूचा विचार सगळा आहे.

३

हा विचार त्यांच्याकडे कोणत्या वाटेने आला ते पाहण्यासारखे आहे.

एकोणिसावे शतक सरता सरता मुंबईत त्यांचा जन्म झाला. वडील पोलीस खात्यात नोकरीस होते, आणि त्यांना संगीताचा मनस्वी नाद होता. लहानपणीच मुलाला कृष्णंभट होन्नावर यांच्याकडे स्वरज्ञानासाठी ठेवण्यात आले. पुढे ग्वाल्हेर परंपरेतले अनंत मनोहर जोशी यांची तालीम मिळाली. याच सुमारास विष्णू नारायण भातखंडे या वकिलाची दृष्टी या मुलावर पडली आणि त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. भातखंडे त्या काळी देशभर हिंडून उस्तादांकडून चिजा मिळवीत होते, ग्रंथ धुंडाळीत होते आणि रागांची नवी व्यवस्था लावीत होते. १९१६ साली बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही त्यांच्याच खटपटीने. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १९१७ साली, बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती मिळून तरुण रातंजनकर फैयाज खाँसाहेबांचे शागीर्द झाले.

या दोन गुरूंमधले अंतर ध्यानात घेतले पाहिजे. एक मुंबईचा ब्राह्मण वकील. वही, पेन्सिल आणि शंका ही त्याची हत्यारे. दुसरा दरबारी कलावंत. पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या त्याच्या कंठात. एक म्हणे, लिहून ठेवल्यावाचून विद्या टिकणार नाही. दुसऱ्याची सारी विद्या न लिहिता टिकलेली. त्या काळी या दोन पक्षांत फारसे सख्य नव्हते. उस्तादांना पंडितांची वही म्हणजे घरफोडी वाटे; पंडितांना उस्तादांचे मौन म्हणजे कृपणता वाटे. रातंजनकर हे दोन्ही घरांत राहून आले. बडोद्याहून परतल्यावर मुंबई विश्वविद्यालयाची बी. ए. ही पदवीही त्यांनी मिळविली. गवयाने पदवीधर असणे ही त्या काळी नवलाचीच गोष्ट होती. वही आणि कंठ यांचा तंटा ज्याच्या स्वतःच्या मनात मिटला होता असा मनुष्य त्या पिढीत शोधून सापडला असता तर तो हाच.

४

लखनौचे कॉलेज निघाले १९२६ साली. त्याआधी त्याच शहरात लागोपाठ दोन संगीत परिषदा भरल्या होत्या. संयुक्त प्रांताचे तत्कालीन शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली आणि त्यांच्याबरोबर राय उमानाथ बली यांनी हे काम अंगावर घेतले. प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या हस्ते उद्घाटन होऊन त्यांचेच नाव संस्थेला मिळाले. पुढे संस्था कैसरबागेत गेली. नबाब वाजिद अली शाह यांच्या ‘परीखान्या’च्या वास्तूत तिचे वर्ग भरू लागले. भातखंड्यांचा आत्मा आणि रातंजनकरांचे हात अशी तेथली व्यवस्था होती. १९२८ च्या सुमारास प्राचार्यपद रातंजनकरांकडे आले, तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आत होते.

उत्तरेत जाऊन संगीताची शाळा काढणारे भातखंडे हे पहिले मराठी गृहस्थ नव्हेत. विष्णू दिगंबर पलुसकरांनी १९०१ सालीच लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले होते, आणि स्वतः भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली १९१८ साली ग्वाल्हेरचे माधव संगीत महाविद्यालय उभे राहिले होते. परंतु लखनौची गोष्ट वेगळी होती. ते शहर संगीताच्या बाबतीत कोणाकडे मागावयास जाणारे नव्हते. ठुमरी तेथली, कथकाचे एक घराणे तेथले, तबल्याचे एक बाज तेथले. अशा शहराला एका तरुण परप्रांतीयाने संगीत शिकवावयाचे, आणि तेही मूळ मराठीत लिहिलेल्या ग्रंथांच्या आधाराने! भातखंड्यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मराठीत गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने लिहिलेली आहे, हे येथे सांगावयास नको. त्यातली गंमत अशी की, त्या ग्रंथांतल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांतल्या चिजा मुळात उत्तरेच्याच होत्या, रामपूर दरबारासारख्या ठिकाणच्या उस्तादांच्या मुखातून त्या मुंबईच्या वहीत गेल्या होत्या. लखनौच्या वर्गात त्या पुन्हा आपल्या माहेरी आल्या. मध्ये फक्त एका मराठी लेखणीचे सासर झाले.

हे माहेरपण सुखाचे झाले याचे श्रेय रातंजनकरांच्या व्यवहाराला दिले पाहिजे. मराठी माणसांची वसाहत वसवून तिच्यात बसून राहणे त्यांना सहज शक्य होते. ते त्यांनी केले नाही. तबल्यासाठी लखनौ घराण्याचे खलिफा आबिद हुसेन खाँ, सरोदासाठी सखावत हुसेन खाँ असे तेथलेच उस्ताद कॉलेजात शिकवीत होते. वहीवाल्यांच्या संस्थेत कंठवाल्यांना मानाचे पान मिळाले. उलट दिशेने मुंबई-कर्नाटकातून मुले आली. बेळगाव जिल्ह्यातल्या बैलहोंगलचे कृष्णराव गिंडे हे अवघे अकरा वर्षांचे असताना १९३६ साली लखनौस आले आणि गुरूच्या घरचेच झाले. त्याच वर्षी भातखंडे वारले. एका गुरूची ज्योत मालवली त्याच साली पुढच्या पिढीची वात लागली. चिदानंद नगरकर, एस. सी. आर. भट, दिनकर कैकिणी, सुमती मुटाटकर, व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग, बंगालचे चिन्मय लाहिरी ही सारी नावे याच वर्गांतली. चित्रपटसंगीतात नाव मिळविणारे रोशन हे रातंजनकरांचेच विद्यार्थी. आणि लखनौचे तलत महमूद याच कॉलेजात भटांच्या हाताखाली शिकले.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि त्याची उपेक्षा करणे न्यायाचे होणार नाही. कॉलेजातून गवई निघत नाहीत, असा तो आक्षेप आहे. ठराविक तास, ठराविक राग, ठराविक परीक्षा यांतून संगीताचे पदवीधर निघतील. कलावंत निघणार नाही. यात तथ्य आहे. पण वर दिलेल्या नावांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट दिसते. गिंडे, भट, नगरकर, कैकिणी यांना घडविणारी गोष्ट केवळ वेळापत्रक नव्हती. कॉलेजाच्या तासानंतर गुरूच्या सहवासात जी तालीम चाले, ती जुन्या पद्धतीचीच होती. दिवसा कॉलेज आणि पहाटे-रात्री गुरुकुल, असा दुहेरी संसार रातंजनकरांनी चालविला. पुष्कळ जणांना पुरेसे देणारी एक व्यवस्था आणि थोड्यांना सर्वस्व देणारी दुसरी व्यवस्था, या दोन्हींची गरज त्यांनी ओळखली होती. पुढे देशभर जी संगीतविद्यालये निघाली त्यांनी यातली पहिली उचलली. दुसरी उचलणे त्यांना जमले नाही. तो दोष लखनौच्या माथी मारता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ठुमरीच्या शहरात ख्याल-ध्रुपदाचे आणि रागशास्त्राचे राज्य स्थापन करताना त्या शहराच्या स्वतःच्या गाण्याला दुय्यम स्थान मिळाले काय? याचे उत्तर, काही अंशी होय, असेच द्यावे लागते. भातखंड्यांच्या योजनेत राग हा राजा होता. कोठीवरच्या स्त्रियांनी जपलेल्या भावसंगीताला त्या दरबारात आसन नव्हते. पुढच्या काळात बेगम अख्तर यांच्यासारख्या गायिकेचा अध्यापिका म्हणून या संस्थेशी संबंध आला आणि ही उणीव थोडी भरून निघाली. परंतु आरंभीच्या काळाचा एकांगीपणा नाकारण्यात अर्थ नाही. ज्यांना शिस्त आणावयाची असते त्यांच्या हातून असे होते. शिस्तीत न बसणारे सौंदर्य दाराबाहेर राहते.

५

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. रातंजनकर कलावंत होते याचा पुरावा कोणता? माझ्या मते तो पुरावा त्यांच्या बंदिशींत आहे.

‘सुजन’ या नावाने त्यांनी शेकडो रचना केल्या. ‘अभिनव गीतमंजरी’च्या तीन भागांत त्या संगृहीत आहेत. त्यांत ख्याल आहेत, ध्रुपदे आहेत, तराणे आहेत, लक्षणगीते आहेत. दक्षिणेकडील वर्णमाच्या धर्तीवर हिंदुस्थानी रागांत केलेल्या रचनाही आहेत. हा ढीग पाहून कोणी म्हणेल की, अध्यापकाने वर्गाच्या सोयीसाठी केलेले हे पाठ होत. काही रचना तशा आहेतही. लक्षणगीत हा प्रकारच मुळी रागाची लक्षणे रागातच सांगणारा. तो स्मरणाला मदत करतो, मनाला हलवीत नाही. काही चिजांना दिव्याच्या तेलाचा वास येतो. त्या इतक्या बिनचूक आहेत की त्यांत श्वास घ्यावयास जागा उरलेली नाही. हे सारे मान्य करून जे शिल्लक राहते ते फार मोठे आहे.

चांगली बंदिश कशाला म्हणावे? पहिले असे की, मुखडा कानी पडताच राग ओळखू यावा. स्वरांची यादी न मिळता त्याचा चेहरा दिसावा. दुसरे, शब्दांतले दीर्घ स्वर रागाच्या विश्रांतिस्थानांवर पडावेत, म्हणजे गवयाला थांबताना शब्द मोडावा लागत नाही. तिसरे, समेवर येणारा शब्द त्या समेचे वजन पेलणारा असावा. आणि चौथे, या चार ओळींत पुढच्या तासाभराच्या गाण्याचे बीज असावे. कोणता विस्तार करावा हे गवयाला चीजच सुचवीत जावी. पिढ्यान्‌पिढ्या तोंडोतोंडी आलेल्या पुष्कळ जुन्या चिजांत या गुणांपैकी स्वरांचे गुण उत्तम टिकले आहेत. शब्दांचे मात्र हाल झाले आहेत. गवयांनी शब्द चावले, नकलकारांनी ते भलतेच लिहिले, आणि अर्थ विचारण्याची सोय राहिली नाही. रातंजनकरांनी या रोगावर इलाज केला. त्यांची ब्रजभाषा स्वच्छ आहे. संस्कृतातल्या रचना व्याकरणशुद्ध आहेत. आणि तरीही शब्द स्वरांच्या अंगावर बसत नाहीत, त्यांच्या बरोबरीने चालतात.

त्यांनी बांधलेले राग याच दृष्टीने पाहावेत. मार्गबिहाग, केदारबहार, सावनी केदार, सालगवराळी ही नावे आज जाणकारांच्या परिचयाची आहेत. नवा राग करणे म्हणजे दोन जुन्या रागांची नावे जोडणे नव्हे. दोन प्रकृतींची माणसे एका घरात नांदवावयाची तर कोणी कोठे बोलावे आणि कोणी कोठे गप्प बसावे हे ठरवावे लागते, तशातलाच हा प्रकार. रातंजनकरांच्या जोडरागांत ही घरगुती शिस्त असते. सांधा दिसत नाही. ‘सालगवराळी’सारख्या नावातून तर दक्षिणेच्या पद्धतीशी असलेला त्यांचा परिचयही डोकावतो. उत्तर आणि दक्षिण यांच्या ऐक्यावर व्याख्याने पुष्कळांनी दिली. यांनी चीज बांधून दाखविली.

मैफिलीचा गवई एका रात्री शंभर माणसांना जिंकतो आणि पहाटे ते राज्य विसर्जित होते. बंदिशकाराचे तसे नाही. त्याची रचना दुसऱ्याच्या गळ्यात जाऊन बसते आणि त्या गळ्याच्या गुणांनी नटते. सँटलेला गुनो भेटला, म्हणजे आवाजाला रचनाकार भेटला. येथे उलट झाले: रचनाकाराने आपल्याला हवे ते आवाज स्वतः घडविले. गिंडे आणि भट यांनी ध्वनिमुद्रित करून ठेवलेल्या या चिजा ऐकताना पदोपदी जाणवते की, आपण गातो त्याहून मोठे गाणे या माणसाच्या कानात होते आणि ते बाहेर यावे म्हणून त्याने दुसऱ्यांचे गळे तयार केले. याला अध्यापन म्हणा किंवा कला म्हणा; माझ्या दृष्टीने येथे दोहोंमधली रेषा पुसली गेली आहे.

६

ऑपेराचा उल्लेख वर आला तो केवळ तुलनेसाठी नव्हे. रातंजनकरांनी स्वतःही संगीतिका रचल्या. ‘गोवर्धन-उद्धार’, ‘झाँसी की रानी’ आणि ‘शिवमंगलम्’ ही त्यांची नावे. लखनौत राहणाऱ्या मराठी संगीतकाराला हे रूप सुचावे यात एक ऐतिहासिक न्याय आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, आणि मराठी नाटकाचा आरंभ आपण त्या दिवसापासून मोजतो. त्याच वर्षी लखनौत, तेव्हा युवराज असलेल्या वाजिद अली शाह यांनी राधाकृष्णाच्या कथेवरील ‘राधा कन्हैया का किस्सा’ हा नृत्यगीतमय खेळ सादर केला. पुढे दहा वर्षांनी त्याच नगरीत अमानतची ‘इंदरसभा’ आली. ती सगळीच पद्यात आणि गाण्यात. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली आले आणि गद्य संवादांत पदे गुंफण्याचा मराठी घाट रूढ झाला.

रातंजनकरांचे बालपण आणि तारुण्य मुंबईत गेले ते ‘मानापमान’ आणि ‘स्वयंवर’ यांच्या काळात. बालगंधर्वांच्या पदांनी भारलेल्या हवेत वाढून त्यांनी नाट्यगीताचा मार्ग धरला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मराठी नाट्यपदात रागाची चीज नाटकाच्या सेवेला लावलेली असते. गायक मोठा असला की नाटक बाजूस राहते आणि पदाची मैफल होते, हे आपण सर्वांनी अनुभविले आहे. सगळी कथा रागदारीतूनच नेणे ही कल्पना निराळी आहे. कृष्णाने गोवर्धन उचलल्याची कथा अवधच्या भूमीला रासामुळे ओळखीची. झाशीची राणी ही तर मराठी माहेरची आणि उत्तरेच्या सासरची. विषयांची ही निवड पाहता, दोन मुलखांना जोडणारा धागा या मनुष्याच्या मनात सतत होता असे वाटते. या संगीतिकांची परंपरा पुढे चालली नाही ही खेदाची गोष्ट आहे. लखनौत जे रूप एकदा जन्मले होते ते त्याच लखनौत पुन्हा अंकुरले होते; त्याला पाणी घालणारे कोणी पुढे आले नाही.

७

कारकीर्दीच्या उत्तरार्धातला एक अध्याय मात्र वादग्रस्त आहे आणि तो झाकून ठेवण्यात त्यांचा सन्मान नाही. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. नभोवाणीवर गाणाऱ्या प्रत्येक कलावंताची परीक्षा घेऊन प्रत ठरवावी असा दंडक त्यांच्या काळात निघाला, आणि त्या परीक्षामंडळात रातंजनकर अग्रभागी होते. देशातल्या नामांकित गवयांनाही परीक्षकांपुढे उभे राहावे लागणार, म्हणून मोठे काहूर उठले. निषेध झाले, बहिष्काराची भाषा निघाली. आयुष्यभर दरबारात मानाने गायलेल्या उस्तादाला, ‘या रागाचे आरोह-अवरोह सांगा’, असा प्रश्न विचारणे म्हणजे पाण्यातल्या माशाला पाण्याचे पृथक्करण विचारणे होय.

या प्रकरणी रातंजनकरांचा हेतू शुद्ध होता याविषयी शंका घेण्यास जागा नाही. नेमणुका वशिल्याने होऊ नयेत, सर्वांना एक माप लागावे, ही इच्छा प्रामाणिकच होती. परंतु वर्गात जे माप योग्य तेच मैफिलीत योग्य ठरते काय, याचा विचार पुरेसा झाला नाही असे म्हणावे लागते. फैयाज खाँसाहेबांच्या शागिर्दाला कंठाची विद्या काय असते हे दुसऱ्या कोणाहून अधिक ठाऊक होते. खुर्चीवर बसल्यावर त्याच्यातला वहीवाला पुढे झाला आणि कंठवाला मागे राहिला. सरकारी खुर्चीचा हा गुण आपल्या परिचयाचा आहे. ती मनुष्याकडून त्याच्या स्वभावाचा एकच अर्धा भाग मागून घेते. लखनौच्या घरात ज्या दोन विद्या नांदत होत्या, त्यांची दिल्लीच्या फायलीत फारकत झाली. गवई म्हणून ते दुय्यम होते हा प्रवाद याच सुमारास बळावला असल्यास नवल नाही. ज्यांची परीक्षा घेतली गेली त्यांनी परीक्षकाच्या गळ्याकडे बोट दाखविणे हे मनुष्यस्वभावाला धरूनच होते.

८

१९५७ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्याच वर्षी ते खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरू झाले. ती संस्था अवघ्या वर्षभरापूर्वी निघालेली होती. तेथून पुढे ते मुंबईस परतले आणि १९७४ साली तेथेच वारले. लखनौचे कॉलेज १९६६ साली राज्य सरकारने आपल्याकडे घेतले आणि गव्हर्नराचे नाव जाऊन भातखंड्यांचे नाव लागले; २००० साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि २०२२ पासून ते भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय या नावाने चालते. ज्याने ते सुमारे तीन दशके वाहिले त्याचे नाव दरवाजावर नाही. असे असावे हेच त्याला रुचले असते. शिष्याने गुरूचे नाव वर ठेवावे ही त्याची परंपरा.

मग निकाल काय? रातंजनकर फैयाज खाँसाहेबांएवढे मैफिलीचे गवई नव्हते, हे खरेच आहे. पण तसे त्या पिढीत किती होते? त्यांनी गायनाची व्याख्याच थोडी रुंद केली. स्वतः गाणे, गाणे रचणे आणि गाणारा घडविणे या तीन गोष्टी आपण वेगवेगळ्या खात्यांत टाकतो. त्यांच्या ठायी ते एकच काम होते. त्या कामातला पहिला भाग सामान्यांना फिका वाटला, दुसरा अजून पुरता तपासला गेलेला नाही, आणि तिसऱ्याचीच तेवढी स्तुती झाली. या लेखाची सूचना एवढीच आहे की, यापुढे दुसऱ्या भागापासून सुरुवात करावी. ‘अभिनव गीतमंजरी’ उघडावी, त्यातली एखादी चीज गिंड्यांच्या किंवा भटांच्या आवाजात ऐकावी, आणि नंतरच मत बनवावे.

परमुलखात नोकरी करणाऱ्या माणसाला दोन मोह असतात. पहिला, आपल्या गावाची आठवण उशाशी घेऊन दिवस मोजण्याचा. दुसरा, परक्या भाषेत इतके मिसळून जाण्याचा की स्वतःचा ठाव लागू नये. रातंजनकरांनी चिजा बांधल्या त्या ब्रजभाषेत आणि संस्कृतात. ज्या शहरात राहावयाचे तेथल्या गळ्यांना सोसेल तीच भाषा त्यांनी निवडली. पण त्या चिजांतली रेखीव शिस्त, शब्दाला अर्थ असलाच पाहिजे हा हट्ट आणि मिळविलेली विद्या उघड्या हाताने वाटून टाकण्याची वृत्ती ही ते मुंबईहून बरोबर घेऊन आले होते. लखनौचा एखादा विद्यार्थी आजही सावनी केदार गाताना अंतऱ्यात ‘सुजन’ हे नाव उच्चारून समेवर येतो. हा सुजन कोण, कोणत्या मुलखाचा, हे त्याला ठाऊक असतेच असे नाही. समेवर मात्र तो चुकत नाही.